बोरमाळेच्या मण्याएवढा टोमॅटो

शेजारणीच्या डब्यातला टोमॅटो पिकलेला बघून तुमच्या पोटात कधी दुखलंय का? खरं सांगा. "छे, असल्या किरकोळ गोष्टीवर आम्ही कशाला जळू?" असं म्हणणार असाल तर हे इथंच मिटून ठेवा आणि एखाद्या रावबहादुराचं चरित्र वाचायला घ्या. त्यात कुणी कुणावर जळत नाही. सगळे पाळण्यातूनच थोर होऊन उतरतात. मी जिच्याविषयी लिहितेय ती थोरबीर नाही. ती जळते. भर अंगणात उभी राहून, पदर खोचून जळते. आणि जळता जळता एकदा ती जे बोलून गेली, ते बोलायला भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटली असती.

तिचं नाव गोजराबाई. कॉटनपेटेत भीमाचार्यांच्या वठारात राहते. एका अंगणाभोवती ओळीनं खोल्या, मध्ये विहीर, सगळ्यांत मिळून एक नळ आणि माडीवर घरमालक, याला बेंगळुरात वठार म्हणतात. मी समोरच्या गल्लीत राहते. भाडेकरूंची भांडणं सोडवते, नसली तर नळाच्या पाण्यासाठी लावते, त्यामुळे त्या अंगणात माझी रोजची ये-जा. गोजराबाई मला 'लीडरीणबाई' म्हणते. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

तिचा नवरा नागोजी कंटोन्मेंटमधल्या दुकानात पलटणीचे कपडे शिवतो. "आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इथं आले," हे गोजराबाई नळावरच्या प्रत्येक भांडणात सांगते. नागोजी ओट्यावर बसल्या बसल्या सुईत दोरा ओवत पुटपुटतो, "आले खरे. तलवार वाटेत विसरले, कात्री तेवढी आणली."

आता कट्ट्याचं सांगते, कारण सगळं रामायण कट्ट्यावरच घडलं. त्या वठारात ऊन एकाच जागी पडतं, विहिरीशेजारच्या दगडी कट्ट्यावर. बाकी अंगण बारमाही ओलं, शेवाळलेलं. कट्ट्यावर गोजराबाईच्या सासूनं तुळस लावली होती, पुढं गोजराबाईनं तिथं डालड्याचे डबे मांडले आणि त्यांत टोमॅटो लावला. बाजारातला मोठा, फुगीर, भोपळ्यासारख्या घड्या पडलेला टोमॅटो आणायचा, चिरताना बी राखेत घोळून भिंतीला थापायचं आणि वाळलं की पेरायचं. झाड हौसेनं वर यायचं. दोन-चार फळं धरायचं आणि त्यांच्याच वजनानं आडवं व्हायचं. मग गोजराबाई त्याला नवऱ्याचा कापड मोजायचा लाकडी गज टेकवायची. नागोजी सकाळी गज शोधायला लागला की अख्ख्या वठाराला कळायचं, गोजराक्काचे टोमॅटो धरलेत.

फळं थोडी, पण मान मोठा. त्या अंगणात दुसऱ्या कुणाच्या घरी झाडाचा टोमॅटो नव्हता. कुणाच्या घरी पाहुणा आला की बाया यायच्या, "गोजराक्का, एक टोमॅटो द्या की, सार करते." गोजराबाई आधी नाही म्हणायची, मग पुन्हा मागायला लावायची, आणि मग असा काढून द्यायची जसा काही अंगावरचा दागिना उतरवतेय.

फक्त माडीवर तिचा टोमॅटो चालत नसे. भीमाचार्य कडक सोवळ्याचे. टोमॅटोला ते 'वेलवांगी' म्हणत, तेसुद्धा तोंड फिरवून. "लाल रस, परमुलखातलं फळ. शास्त्रात कुठं आहे?" पण कट्टा मात्र त्यांनी कधी अडवला नाही. गोजराबाईची सासू त्यांच्या वडिलांच्या वेळची भाडेकरू. आचार्य एरवी कन्नड बोलत. भांडण मात्र मराठीत करत, कारण वठारात भांडायला माणसं मराठीच होती.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग गंगव्वा आली.

नवं राज्य झालं, बेळगावकडचा मुलूख इकडं जोडला गेला आणि तिकडची माणसं नोकऱ्यांच्या मागं बेंगळुरात यायला लागली. गंगव्वाचा नवरा बसवंत बस कंडक्टर. त्याला होसकोटेची गाडी मिळाली आणि या दोघांना विहिरीकडची कोपऱ्यातली खोली. गंगव्वा चिकोडीची. बोलणं ठसक्याचं, हसणं मोकळं, आणि खोलीला खिडकी म्हणून जे होतं त्यात जेमतेम एक डबा मावेल एवढीच जागा.

त्या होसकोटेच्या गाडीत भाजीच्या मळेवाल्या बाया टोपल्या घेऊन बसायच्या. एकीच्या टोपलीत बारके टोमॅटो बघून बसवंतनं घरी सांगितलं. गंगव्वा काय करते? बी मागत नाही. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याच्या गाडीत बसून थेट त्या बाईच्या मळ्यावर जाते. तिथं बारके टोमॅटो दोन जातींचे. एक मांडवावर चढवलेला, द्राक्षासारखे घोस लोंबणारा, फळ इवलंसं. दुसरा बांधावर बसलेला, गुडघ्याएवढं ठेंगणं झुडूप, फळ आवळ्याएवढं, पण पानापेक्षा फळं जास्त. गंगव्वानं म्हणे आपला डबा बरोबर नेला होता. तो झुडपाशेजारी ठेवून बघितला आणि म्हणाली, "हे. हे माझ्या घरात मावतंय बघा." येताना रोप पिशवीत घालून मांडीवर. गाडीतला एकजण बसवंतला म्हणाला, "कंडक्टर, ह्या बाळाचं अर्धं तिकीट फाडलं का?" बसवंत म्हणाला, "मांडीवरचं आहे, फुकट."

ही मळ्यावरची हकिगत गंगव्वा नळावर सगळ्यांना हसत हसत सांगायची. गोजराबाई तेव्हा घागर जोरात आपटून निघून जायची. ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आपल्या वैरिणीच्या तोंडून कधी कुणी शहाणपण ऐकलंय?

खिडकीत ऊन नव्हतं, म्हणून गंगव्वानं अर्धा कट्टा मागितला. आचार्यांनी दिला. गोजराबाईला न विचारता दिला. कट्ट्याच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली गेली. दर शुक्रवारी गोजराबाई कट्टा धुवायची आणि धुतल्यावर नवी रेघ ओढायची. रेघ दर शुक्रवारी दोन बोटं गंगव्वाकडं सरकायची. गंगव्वा बघायची आणि डबे निमूट आत ओढायची. तिची झाडं ठेंगणी, तिला जागा लागतेच किती! याचाही गोजराबाईला राग. भांडायला तरी यायचं होतं.

अठ्ठावन्नच्या संक्रांतीला मात्र कडेलोट झाला. इथल्या रीतीनं तीळ, गूळ, खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल घरोघर फिरलं. संध्याकाळी गंगव्वाच्या खोलीत हळदीकुंकू होतं. आपल्यात वाण लुटतात ते तुम्हाला सांगायला नको. कुणी फणी देतं, कुणी डबी देतं. गंगव्वानं प्रत्येकीच्या पदरात ओंजळभर बारके टोमॅटो घातले, लालबुंद, देठासकट. पोरांनी ते बोरांसारखे तोंडात टाकले. बाया हरखल्या. कोपऱ्यातली एक म्हातारी बोळक्या तोंडानं म्हणाली, "गोजरा, एवढी वर्षं टोमॅटो लावतेस, तुला नाही गं कधी असं जमलं. हिच्याकडनं थोडं बी घे."

झालं! मी गोजराबाईच्या शेजारीच बसले होते. तिनं पदरातले टोमॅटो अशा नजरेनं बघितले जसे काही ते निखारेच. वाण परत करता येत नाही, तो देणारीचा नव्हे, देवीचा अपमान. म्हणून ते तसेच धरून ती उठली, घरी गेली, आणि मी मागोमाग गेले तेव्हा चुलीपुढं बसून एकेक टोमॅटो खात होती.

"गोड आहेत," ती म्हणाली. तोंड असं, जसं कारलं खाल्लंय. "मेले गोड आहेत."

"मग बी ठेवायचं. खाऊन काय टाकता?"

"तिचं बी? माझ्या डब्यात?" ती माझ्यावर उसळली. "लीडरीणबाई, तुम्ही दुसऱ्याच्या झेंड्याखाली मोर्चा काढता का?"

मी देठ गोळा करून चुलीत टाकले आणि उठले. 

दुसऱ्याच दिवशी ती मला ओढून सिटी मार्केटात घेऊन गेली. तिचा हिशोब सरळ होता. गंगव्वाचं फळ आवळ्याएवढं, म्हणून झाड गुडघ्याएवढं. आपलं फळ भोपळ्याएवढं, म्हणून झाड आडवं पडतं. तर मग फळ जितकं बारीक तितकं झाड ठेंगणं, तितके डबे जास्त आणि तितका टोमॅटो जास्त. गंगव्वापेक्षा बारीक फळ शोधायचं. शोधायला माप काय आणलं होतं ठाऊक आहे? गळ्यातली बोरमाळ. भाजीवालीच्या टोपलीपुढं उकिडवी बसून ती एकेक टोमॅटो बोरमाळेच्या मण्याला लावून बघत होती. मोठा निघाला की परत टाकत होती.

भाजीवाली म्हणाली, "अम्मा, टोमॅटो घेता की माळेत ओवता?"

"तुला काय करायचंय? याच्याहून बारीक आहेत?"

"बारीक पाहिजेत? सगळे मोठे मागतात आणि तुम्ही..." तिनं टोपलीच्या तळातून मूठभर काढले. खरंच मण्याएवढे. चकचकीत, पोवळ्यासारखे. गोजराबाईनं एक बोरमाळेशेजारी धरला आणि इतक्या आनंदानं हसली की त्या दिवसापुरती मला ती सुंदर दिसली. झाड कसं असतं, कुठवर जातं, हे तिनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला लोकांच्या पाण्याचं कळतं, झाडांच्या पाण्याचं नाही.

परतताना ती म्हणाली, "तिचं आवळा, माझं मोती. आता बघा."

बघितलंच की. सगळ्या कॉटनपेटेनं बघितलं.

माघात पेरलं. रोप उगवलं आणि चैत्रात गंगव्वाच्या झुडपाएवढं झालं. तिथं ते थांबायला हवं होतं. थांबलं नाही. कमरेला आलं. गोजराबाई खूश, गंगव्वाच्या झाडाला कमर कुठाय! शेणखत घातलं, तांदळाचं धुवण घातलं, चहाचा चोथा घातला. खांद्याला आलं. डालड्याचा डबा अपुरा पडला, तेव्हा रॉकेलचा मोठा डबा मिळवून माती भरली आणि मुळासकट त्यात उतरवलं. मग ते भिंतीला लागलं. नागोजीच्या दुकानातून खाकी कापडाच्या कडा यायच्या, त्या फाडून ती वेल माडीवरून उतरणाऱ्या पावसाच्या नळीला बांधायला लागली. जिथं तिथं खाकी गाठी. नागोजी म्हणायचा, "पलटणीत भरती करतेस का गं हिला?"

फळ मात्र एक नाही. नुसता पाला. इकडं गंगव्वाच्या ठेंगण्या झुडपांवर दुसरा बहार आला आणि गेला.

एकदा गंगव्वा नळावर भांडी घासता घासता सहज बोलली, "अक्का, शेंडा खुडा की हो तिचा. आणि ते शेण स्वल्प कमी घाला. ही मांडवाची जात दिसतिया."

तिनं चांगल्या मनानं सांगितलं, हे मलाही दिसत होतं. गोजराबाईला दिसलं ते वेगळंच. तिनं भांडं खाली ठेवलं. "गंगव्वा, जिची पोर ठेंगू तिला दुसऱ्याची उंच पोर बघवत नाही, हे खरंय म्हणायचं."

"सरी, तसं म्हणा," गंगव्वा म्हणाली आणि राख हाताला लावून पुन्हा भांड्याला लागली. नंतर मला हळूच म्हणाली, "माडीपतोर गेली तर काय करायचं हो? आचार्यांची काठी हाय तिथं."

ही काठी म्हणजे माडीच्या पडवीबाहेर आडवी टांगलेली बांबूची काठी. आचार्यांचं रोजचं सोवळं मागच्या बाजूला वाळायचं. ही पुढची काठी फक्त श्राद्धपक्षाला आणि मोठ्या सणाला. उन्हातली, स्वच्छ, आणि कुणीही शिवायची नाही. आचार्यांची स्वतःची सूनसुद्धा नाही. ती पडवी एरवी बंदच असायची, तिथं जुने पाट आणि रिकामी पोती. म्हणजे वर्षातले बरेच महिने त्या काठीकडं कुणी फिरकत नसे.

वेल फिरकली. कुणी खुडलं नाही, मग ती जाईल कुठं? उन्हाकडं गेली. नळीवरून पडवीच्या कठड्याला, कठड्यावरून काठीला. आणि वर पोचल्यावर, खालचं शेण आणि धुवण जिथं पोचत नव्हतं तिथं, उन्हाच्या तोंडावर तिनं घोसच्या घोस धरले. खालून पाल्याआड दिसायचे नाहीत. गोजराबाई मान वर करून बघून बघून थकली होती. वठारातल्या सगळ्यांना माहीत होतं, वेल कुणाची आहे आणि कुठवर गेलीय. पण गोजराबाईच्या तोंडाला लागणार कोण?

आषाढात आचार्यांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. आदल्या संध्याकाळी झाकड पडल्यावर त्यांनी पडवीचं दार जरासं उघडून, स्नान करून, ओलं धोतर काठीवर टाकलं. अंधुकात त्यांना पानं दिसली असतील तर ती शेजारच्या पारिजातकाची वाटली असतील. सकाळी ब्राह्मण येऊन बसलेले, दर्भ मांडलेले, आणि आचार्यांनी वाळलेलं धोतर एका हिसड्यात ओढलं.

तुम्ही पिकले टोमॅटो पांढऱ्या धोतरात चिरडलेले बघितलेत? मी बघितले. मी तेव्हा अंगणात नळाच्या तोटीसाठी अर्जावर सह्या घेत होते. वरून आधी एक ओरडणं आलं, मग आचार्य स्वतः आले. एका हातात लाल डाग पडलेलं धोतर, दुसऱ्या हातात चिरडलेला घोस. बापाच्या श्राद्धाला वेलवांगी! खरं सांगते, मला एरवी त्यांच्या सोवळ्याचा कंटाळा, पण त्या क्षणी त्या माणसाचं तोंड बघून वाईट वाटलं.

"कुणाची आहे ही?" त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता थेट गंगव्वासमोर गेले. "बारकी वेलवांगी या वठारात एकच बाई लावते. माझ्या घरातसुद्धा त्याचं नाव निघतं. तुला कट्टा दिला तो मी दिला. खोलीही मीच दिली. खोली रिकामी कर. आज नवऱ्याला सांग."

गंगव्वा दारात उभी. हातातलं पीठ तसंच. "माझी न्हाई ती, आचार्य," एवढंच बोलली. गोजराबाईकडं तिनं एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. नाव घेतलं नाही.

 आणि गोजराबाई आपल्या दारात, चौकटीला हात लावून उभी. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तिच्या कपाळावर लिहिल्यासारखं वाचता येत होतं. गंगव्वा गेली तर कट्टा आपला. रेघ पुसली. संक्रांतीला कुणी म्हणणार नाही, हिच्याकडनं बी घे. फक्त गप्प राहायचं. बोलायचंसुद्धा नाही, नुसतं गप्प.

मी आचार्यांच्या अंगावर गेले. "भाडेकरूला एका वेलीवरून बाहेर काढाल? मी बघतेच कसं काढता ते!" त्यांनी माझ्याकडं लक्षसुद्धा दिलं नाही. मी पुढचं वाक्य बोलणार, वेल कुणाची ते सांगून टाकणार, तेवढ्यात ते नळीकडं वळले. खालपासून वरपर्यंत त्यांनी ती वेल बघितली. रॉकेलच्या डब्यातून निघून, नळीवरून, कठड्यावरून, काठीवर पसरलेली. बघता बघता त्यांचा राग जरा वाट चुकला.

"एवढी वेल!" ते म्हणाले. "एका डब्यातून! मी जन्मात बघितली नाही. काय म्हणावं हिच्या हाताला!"

आणि ती बोळकी म्हातारी, तिला ना वेळेचं भान ना वेल कुणाची याचं, मान डोलावून म्हणाली, "गुण आहे बाई गंगव्वाच्या हाताला. गुणच आहे."

गोजराबाईचा हात चौकटीवरून सुटला.

"कुणाच्या हाताला?" ती अंगणाच्या मधोमध आली. "हिच्या? हिच्या झाडाला गुडघे तरी आहेत का वर चढायला? सहा महिने शेण मी घातलं! धुवण मी घातलं! नळीला गाठी मी मारल्या, आणि गुण हिच्या हाताला?" तिनं खाकी कापडाची एक पट्टी नळीवरून ओरबाडली आणि आचार्यांच्या नाकासमोर नाचवली. "हे काय आहे? हे हिच्या बसवंतच्या घरचं आहे? कंडक्टर खाकी घालतो म्हणून? नीट बघा, पलटणीचं कापड आहे, माझ्या नवऱ्याच्या कात्रीनं कापलेलं. ही वेल माझी आहे! पाळामुळासकट माझी!"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. पण शब्द माघारी बोलावता येतात होय? नागोजीनं दारात बसल्या बसल्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "घ्या. झाली भरती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. आचार्य हसले नाहीत. त्यांनी पुन्हा स्नान केलं, धोतर बदललं, श्राद्ध दुपार कलताना पार पडलं. संध्याकाळी निवाडा आला. गोजराबाईला खोली सोडायला ते सांगू शकत नव्हते, वडिलांच्या वेळचं कूळ, आणि खाली मी उभी. पण वेल उतरवायची. ठेंगणी झाडं कट्ट्यावर राहिली तर त्यांना हरकत नाही, ती वर येत नाहीत. उंच जातीला त्या अंगणात जागा नाही.

म्हणजे कट्टा गंगव्वाचा झाला. सबंध. गोजराबाईनं स्वतःच्या तोंडानं देऊन टाकला.

वेल उतरवताना ती कुणाला हात लावू देईना. एकेक गाठ सोडत होती. गंगव्वा खाली उभी राहून उतरलेली वेल हातावर झेलत होती.  मग गंगव्वा म्हणाली, "अक्का, अर्धा कट्टा तुमचाच हाय. माझी रोपं लावा."

"मला तुझं काही नको."

"बरं."

थोड्या वेळानं पुन्हा गंगव्वाच. "तुम्ही बोलला म्हणून मी ऱ्हायले."

"तुझ्यासाठी नाही बोलले," गोजराबाई म्हणाली, आणि हे अगदी खरं होतं. "माझ्या वेलीचं नाव तुला लागत होतं म्हणून बोलले. उगाच गळ्यात पडू नकोस."

गंगव्वा खो खो हसली. तिला राग येतच नाही. हाही गोजराबाईच्या मते तिचा दोषच.

पुढच्या संक्रांतीला गंगव्वानं हळदीकुंकवाला एकेकीला वाण दिलं. गोजराबाईच्या पदरात आलं ते चिखलाच्या गोळ्यातलं ठेंगणं रोप. वाण परत करता येत नाही, हे गंगव्वालाही ठाऊक होतं. गोजराबाईनं ते पदरात धरलं, तिच्याकडं जळजळीत बघितलं आणि घरी नेलं. आज ते कट्ट्यावर आहे. चुन्याची रेघही आहे. "माझ्यावर आलेले हिच्यापेक्षा लाल आहेत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. एकाच जातीची दोघींची झाडं, लाल जास्त कुठून होणार? पण तिच्या तोंडावर हे सांगायची हिंमत मी अजून केलेली नाही.

आणि ती वेल? तुटलेल्या फांद्या गोजराबाईनं फेकू दिल्या नाहीत. ओल्या मातीत खुपसल्या तर त्यांना मुळं फुटली. आता ती माझ्या अंगणात मांडवावर आहे. रोज सकाळी गोजराबाई येते, शेंडा खुडते (हो, आता खुडते), शेण चिमूटभरच घालते, आणि मण्याएवढे टोमॅटो परडीत घेऊन मुद्दाम गंगव्वाच्या दारावरून घरी जाते. गंगव्वा त्यातला एक उचलून तोंडात टाकते आणि म्हणते, "आंबट हाय." गोजराबाईचा दिवस जातो तो त्या एका शब्दावर.

मागच्या आठवड्यात तिनं ऐकलं की गंगव्वानंही होसकोटेच्या मळ्यावरून मांडवाच्या जातीचं बी आणलंय आणि बसवंतच्या मित्राच्या परसात मांडव घालतेय. तेव्हापासून गोजराबाईला झोप नाही. माझ्या मांडवाचे बांबू तिला एकाएकी बुटके दिसायला लागलेत.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घरामागं एखादा लांब, सरळ, न किडलेला बांबू पडून असेल तर कॉटनपेटेत माझ्याकडं पोचवा. पण आणताना वठारावरून येऊ नका, मागच्या गल्लीनं या. गंगव्वाला बांबू किती उंच आहे ते कळता कामा नये.